मदत हवी आहे: तवंदी घाटातला साखळी अपघात, दाजी गेले, आणि कागदावर चूक त्यांचीच दाखवली आहे

घटप्रभा_काठ

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या. कायद्यातलं, विम्यातलं कुणाला कळत असेल किंवा कुणाच्या घरावर अशी वेळ येऊन गेली असेल, तर कृपा करून लिहा.

आम्ही संकेश्वरजवळचे, हुक्केरी तालुका. माझे दाजी स्वतःच्या पिकअप टेम्पोनं आसपासच्या गावांतली भाजी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचवायचे. डिसेंबरात एका पहाटे पावणेपाचला कोबी आणि ढोबळी मिरची भरून निघाले होते. तवंदी घाट उतरून निपाणीकडं जाताना उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन पंक्चर होऊन उभा होता. अर्धा रस्त्यात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाला दगड लावलेला तेवढाच. पुढच्या मालट्रकला तो अगदी जवळ गेल्यावर दिसला, त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि थांबला. त्याच्या मागं दाजी, दाजींच्या मागं कंटेनर. कंटेनर टेम्पोवर आला आणि टेम्पो ट्रकच्या मागच्या अँगलखाली गेला. दाजी जागेवरच गेले. शेजारी बसलेला क्लीनर पोरगा वाचला, त्याच्या मांडीत रॉड घातलाय.

आता अडचण अशी. फिर्याद दिलीय पुढच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं. एफआयआर कन्नडमध्ये आहे. मी दहावीपर्यंत कन्नड शिकलोय, दुकानाच्या पाट्या वाचतो, पण पोलिसी कन्नड वाचायला मित्राला बसवावं लागलं. त्यात लिहिलंय की टेम्पोनं ट्रकला मागून धडक दिली आणि नंतर कंटेनर टेम्पोवर आदळला. गुन्हा कंटेनरच्या ड्रायव्हरवर आहे, पण या एका वाक्यानं दाजीपण दोषी ठरतात. ट्रॅक्टरचं तर नावच नाही. पंचनामा व्हायच्या आत तो ऊस घेऊन निघून गेला होता.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी विम्याकडून आलोय म्हणून एक माणूस घरी आला. ताई कोपऱ्यात बसलेली, तिला काही सुचत नव्हतं. त्यानं दोन-चार प्रश्न विचारले, इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि तिची सही घेतली. आम्ही पुरुष माणसं सगळी बाहेर मांडवात होतो. त्या कागदावर काय होतं ते आजतागायत आम्हाला माहीत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, मी आत असायला हवं होतं.

घरात ताई, दोन पोरं आणि दाजींची आई. टेम्पोचे हप्ते अजून चालू आहेत. कर्जवाले म्हणतात, गाडी पोलीस स्टेशनातून सोडवा, आम्ही भंगारात काढून हिशेब मिटवतो. गेल्या आठवड्यात मी गाडी बघून आलो. पुढून केबिन चेपलीय, मागचा फाळका पार ड्रायव्हर सीटच्या पाठीपर्यंत आलाय. आत मिरची सुकून पडलीय. दाजींची लाल पुठ्ठ्याची भाड्याची वही डॅशबोर्डमध्ये तशीच होती. हँडब्रेक वर ओढलेला होता, तेवढी एकच वस्तू धड वाटली. मी दहा-बारा फोटो काढलेत.

प्रश्न असे: दाजींची चूक धरली तर ताईला काहीच मिळणार नाही का? दावा कुणावर करायचा, कंटेनरवर, ट्रकवर की पळालेल्या ट्रॅक्टरवर? एक ओळखीचे म्हणतात कोल्हापूरला केस टाका, तिकडं मराठीत चालतं. आणि साडेतीन महिने होऊन गेलेत, मुदत असते का?

मार्केटयार्ड

दादा, वाचून गलबलून आलं. तुमचे दाजी कोण ते नाव न सांगताही लक्षात आलं असं वाटतंय. गाड्या लागतात तिथं पहाटे सगळ्यात आधी चहा सांगणारा माणूस. उत्पन्नाच्या पुराव्याला अडत्यांच्या पट्ट्या लागतील, त्या मी गोळा करून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

काळा_कोट

चिक्कोडी-बेळगावकडं मोटार अपघाताची कामं चालवतो. तुमचे कागद पाहिल्याशिवाय शेवटचा शब्द सांगता येणार नाही, पण भीती कमी होईल एवढं नक्की सांगतो.

आधी मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये सहा महिन्यांची मुदत आली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश दिलाय की केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत. तरी त्या आदेशाच्या भरवशावर बसू नका. तुमच्याकडं अजून अडीच महिने आहेत, त्यातच दावा दाखल करा.

दावा कुणावर? एकाची निवड करत बसू नका. दोन-तीन गाड्यांच्या निष्काळजीपणातून तिसऱ्याचा जीव जातो, त्याला आम्ही संयुक्त निष्काळजीपणा म्हणतो. २०१५ च्या खेन्येई निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की अशा वेळी वारस सगळ्यांकडून किंवा कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतात. त्यांनी आपसात कुणी किती द्यायचे ती त्यांची भांडणं, तुमच्या ताईची नव्हेत. म्हणून कंटेनरचा मालक, त्याचा विमा, ट्रकचा मालक, त्याचा विमा, सगळे प्रतिवादी करा. ट्रॅक्टरचा नंबर मिळाला तर तोही घ्या. बिनदिव्याची गाडी धोक्याच्या जागी उभी करणं हा कलम १२२ चा भंग आहे. पण ट्रॅक्टर सापडला नाही म्हणून दावा अडत नाही. शिवाय उसाच्या ट्रॉलीचा विमा बऱ्याचदा नसतोच, म्हणून माझा भर नेहमी मोठ्या गाडीवर असतो. कंटेनरचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, ते गाडी नंबरवरून परिवहन ॲपवर बघा. त्याच्या ड्रायव्हरचं लायसन्स किंवा परमिट बाद निघालं, तरी घाबरू नका. अशा प्रकरणांत कोर्टं बहुधा विमा कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात.

आता दाजींची चूक. ती सिद्ध झालीच तर दावा बुडत नाही, त्यांच्या वाट्याएवढी टक्केवारी कापली जाते. पण ही कपात किती महाग पडते बघा. समजा महिन्याची कमाई २०,००० धरली आणि वय ३८. स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणं ४० टक्के वाढवून २८,०००. चार जण अवलंबून, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. या वयाला गुणक १५, म्हणजे वर्षाच्या रकमेला १५ नं गुणायचं. झाले ३७,८०,०००, वर क्रियाकर्म, सहवास गमावल्याची वगैरे रक्कम वेगळी. यात दाजींचा दोष २५ टक्के धरला की ९,४५,००० गेले. टेम्पो कंटेनरच्या आधी धडकला की नंतर, या 'आधी' आणि 'नंतर' दोन शब्दांवर तुमची सगळी केस उभी आहे.

शिवाय मागून धडकणाऱ्या गाडीनं अंतर ठेवलं नाही, असं विमा वकील म्हणणारच. त्याला उत्तरही आहे. कोइंबतूरच्या एका अपघातात पुढच्या कारनं हायवेवर इशारा न देता अचानक ब्रेक मारला, मोटारसायकलवाला तिच्यावर आदळून पडला आणि मागच्या बसखाली सापडला. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कारचालकाचा दोष ५० टक्के, बसचा ३० आणि मोटारसायकलवाल्याचा २० टक्के धरला. म्हणजे मागून धडकला तोच सगळ्याचा धनी, असं कोर्ट धरून चालत नाही.

एफआयआर म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. न्यायाधिकरण स्वतः पुरावा बघतं, आणि तिथं फौजदारी खटल्याइतकी कडक सिद्धता लागत नाही. ताईंची सही घेतलेल्या कागदाचंही तेच. तो लिहून घेणाऱ्याला पिंजऱ्यात यावं लागतं आणि त्याला उलटतपासणीत विचारता येतं, की मराठी बोलणाऱ्या, दहा दिवसांच्या विधवेला इंग्रजी मजकूर कुणी वाचून दाखवला? घडलं ते आजच तारखेसह लिहून ठेवा. यापुढं कुठल्याच कागदावर सही नको. कलम १६४ खाली दोष न बघता मृत्यूला ५ लाख मिळतात, ते घेऊन मिटवा असं कुणी म्हणालं तर थांबा. त्या पद्धतीनं पैसे स्वीकारले की १६६ चा मोठा दावा संपतो.

स्टेअरिंग_२२

मी बावीस वर्षं पुणे-बेंगळूर लाईनला गाडी मारतोय. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी गाडीचं सांगतो.

भाऊ, तुम्ही हँडब्रेकचं सहज लिहून गेलात. मी ते तीनदा वाचलं. पळती गाडी पुढच्यावर आदळताना कुणी हँडब्रेक ओढत नाही, दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात. हँडब्रेक ओढतो तो गाडी उभी करून, उतारावर घसरू नये म्हणून. तुमच्या दाजींची गाडी उभी होती. पुढच्या ट्रकच्या मागं ते व्यवस्थित थांबले होते आणि मागून कंटेनरनं त्यांना ढकललं. त्या क्लीनर पोराला विचारा: धक्का एक बसला की दोन? पुढच्या ट्रकच्या ड्रायव्हरलाही हेच विचारायला लावा. टेम्पो आधी धडकला असता तर त्याला एक छोटा आणि एक मोठा असे दोन धक्के कळले असते. आम्हाला केबिनमध्ये बसून मागून सायकल टेकली तरी कळतं.

आणि घाटाचं म्हणाल तर उतारावर लोड गाडी न्यूट्रलवर सोडणारे मी रोज बघतो. डिझेल वाचवतात. ड्रम तापले की ब्रेक लागत नाही. कंटेनरचे ब्रेक मार्क रस्त्यावर होते का, ते महजरात (म्हणजे पंचनाम्यात) बघा.

घटप्रभा_काठ

दादा, तुमचं वाचून मी लगेच त्या पोराच्या घरी गेलो, इथंच चार किलोमीटरवर आहे. तो खाटेवर पडून आहे. मी काही सुचवलं नाही, नुसतं विचारलं की काय झालं सांग. तो म्हणाला, "मामा थांबले. हँडब्रेक ओढला, चारी इंडिकेटर लावले. मला म्हणाले खाली उतरून पुढं काय झालंय बघ. मी दाराच्या खटक्याला हात लावला आणि मागून हॉर्न वाजला. मग एकदमच." धक्का एकच, म्हणाला. पोलिसांनी त्याचा जबाब घेतलाच नाही, तो तेव्हा ऑपरेशनमध्ये होता.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला ठाऊक होतं, ते कुणाला ठोकणार नाहीत." तीन महिन्यांनी पहिल्यांदा जेवताना बोलली.

काळा_कोट

मग आता घाई दोन गोष्टींची करा. एक, गाडी हलवू देऊ नका. पोलिसांना आणि कर्जवाल्यांना लेखी कळवा, पोच घ्या. हँडब्रेक, मागचा फाळका, इंडिकेटरचं बटण यांचे जवळून फोटो आणि व्हिडिओ घ्या, मोबाईलमधली मूळ फाईल पुसू नका. मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल आणि महजराचा नकाशा यांच्या नकला मागा. दोन, त्या पोराचा जबाब नोंदवा असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या, प्रत पोलीस अधीक्षकांना. त्याचा स्वतःचा जखमीचा दावा वेगळा टाकायचाय, त्याच्या आईवडिलांना तेवढं सांगा. टोलवरच्या आणि ढाब्यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण आता बहुधा पुसलं गेलं असेल, तरी पोलिसांनी आधी घेतलंय का ते विचारा. कंटेनरचे फास्टॅगचे वेळांचे तपशील मात्र मागवता येतात.

कोल्हापूरचं म्हणाल, तर अपघात जिथं झाला, वारस जिथं राहतात किंवा प्रतिवादी जिथं आहे, यांपैकी कुठंही दावा चालतो. विमा कंपनीचं ऑफिस तिथं असलं तरी चालतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये मान्य केलंय. पण माझं मत इकडंच टाका. पोलीस, डॉक्टर, निरीक्षक सगळे इकडचे, कागद कन्नड. तिकडं प्रत्येक पानाचं भाषांतर करावं लागेल आणि साक्षीदार आणताना तुमची दमछाक होईल. ताईंची साक्ष इथंही मराठीत सांगता येते, दुभाष्या मागून घ्या. निकाल पटला नाही तर अपील धारवाड खंडपीठात.

दाजींच्या स्वतःच्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का, हेही आज बघा. ते या दाव्यापेक्षा वेगळं मिळतं, फक्त लायसन्स चालू हवं.

हुक्केरीची_लेक

माझे वडील असेच गेले, म्हणून दोन शब्द. दवाखान्याच्या दारात एजंट भेटला होता, इतके टक्के द्या, सगळं बघतो म्हणाला. देऊ नका. वकिलांना भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे. बाईमाणसाला कमाई न बघता सरकारी मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करा किंवा तालुका कोर्टातल्या कानूनी सेवा समितीत जा. मी तिथूनच केस चालवली.

आणि वयाचा दाखला शाळेचा काढा. आमच्याकडं आधारवर सरसकट १ जानेवारी टाकून ठेवलंय. वडिलांचं वय त्यात तीन वर्षं जास्त होतं.

घटप्रभा_काठ

ताई, दाजींचंही अगदी तसंच आहे! आधारवर ४१, शाळेत ३८.

काळा_कोट

मग शाळेचाच दाखला लावा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये अपघाताच्याच एका प्रकरणात म्हटलंय. ४१ धरलं तर गुणक १४ होतो, वाढ २५ टक्क्यांवर येते आणि तोच हिशेब ३१,५०,००० वर उतरतो.

घटप्रभा_काठ

सगळ्यांचे हात जोडून आभार. उद्या सकाळी आधी पोलीस स्टेशनला जातो, मित्र कन्नडमध्ये अर्ज लिहून देणार आहे. तिथून दाजींच्या शाळेत. भाड्याची वही ताईनं देवघरात ठेवलीय, ती मूळ द्यायची की झेरॉक्स चालेल, एवढं कुणीतरी सांगा. शेवटच्या पानावर त्या दिवशीचं भाडं दाजींनी आधीच लिहून ठेवलंय.