इकेन-जोताइ: घटनाबाह्य, घटनाविरोधी की निराळंच काही?

अर्धविराम
भाषांतर करताना एका वाक्यावर अडले आहे. जपानच्या कनिष्ठ सभागृहाची डिसेंबर २०१२ची निवडणूक आणि तिच्याबद्दल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २० नोव्हेंबर २०१३ला दिलेला निकाल. मूळ लेखात त्या निकालाचं वर्णन ‘इकेन-जोताइ’ असं आहे. इकेन म्हणजे घटनेविरुद्ध, जोताइ म्हणजे स्थिती. मी लिहिलं, ‘न्यायालयाने निवडणूक घटनाबाह्य ठरवली’. संपादकांचा शेरा आला: मग त्यात निवडून आलेले लोक पुढेही कायदे कसे करत राहिले? शेरा रास्त आहे. ‘घटनाबाह्य स्थिती’ करून पाहिलं, तर आणीबाणी लागल्यासारखं वाटतं. मथळ्यात मावेल असा शब्द हवा आहे.

दफ्तरदार
संपादकांना पूर्ण गुण. कुठल्या मतदारसंघात मतदार फार, कुठल्यात थोडे, त्यामुळे मतांच्या मोलात पडणाऱ्या तफावतीचे हे खटले चालतात तेव्हा न्यायालय एकापुढे एक तीन प्रश्न विचारतं. घटनेतल्या समानतेला बाध यावा इतकी तफावत वाढली आहे का? वाढली असेल, तर ती दुरुस्त करायला संसदेला द्यायची वाजवी मुदत उलटून गेली का? आणि उलटली असेल, तर निवडणूक रद्द करायची की राहू द्यायची?

पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ आलं की इकेन-जोताइ. फिर्यादी मतदार हरतो, दावा फेटाळला जातो. दोन्हींना ‘हो’ आलं की नुसतं ‘इकेन’. पण तिथेही निवडणूक टिकते. दावा फेटाळतात, मात्र आदेशातच ती निवडणूक ‘इहो’, म्हणजे बेकायदा, होती असं जाहीर करतात. १९७६च्या अशा निकालात खर्चही हरलेल्या मतदाराच्या नव्हे, जिंकलेल्या निवडणूक मंडळाच्या माथी मारला होता. या प्रकाराला ‘जिजो-हान्केत्सु’ म्हणतात. त्यापुढची पायरी ‘मुको’, निवडणूकच रद्द. या खटल्यांत सर्वोच्च न्यायालय त्या पायरीवर चढलेलं नाही.

म्हणून ‘घटनाविरोधी’ हा खणखणीत शब्द आत्ताच खर्चू नका. तो १९७६ आणि १९८५साठी लागेल. १४ एप्रिल १९७६चा निकाल १९७२च्या निवडणुकीवर, ओसाका तिसरा मतदारसंघ विरुद्ध ह्योगो पाचवा, ४.९९ पट. १७ जुलै १९८५चा निकाल १९८३च्या निवडणुकीवर, ४.४० पट. कनिष्ठ सभागृहाच्या बाबतीत पूर्ण ‘इकेन’ एवढे दोनच. इकेन-जोताइ मात्र १९८३, १९९३, २०११, २०१३, २०१५ असे पाचदा पडले आहेत.

कानामात्रा
दफ्तरदारांनी ‘घटनाविरोधी’ वापरलं आणि मूळ प्रश्नात ‘घटनाबाह्य’ होतं, हे निसटून जाऊ नये. दोन्ही एक नव्हेत. आपल्याकडे ‘घटनाबाह्य सत्ताकेंद्र’ म्हणतात तेव्हा घटनेत ज्याची तरतूदच नाही असं काहीतरी, एवढाच अर्थ असतो. ते घटना मोडतंच असं नाही. जपानमधलं याचं अस्सल उदाहरण म्हणजे ‘गेन्रो’, सम्राटाचे बुजुर्ग सल्लागार. १८८९च्या मेइजी घटनेत त्यांचा उल्लेख कुठेही नाही, पण पंतप्रधान कोण हे सम्राटाला सुचवायचे तेच. शेवटचा गेन्रो साइओन्जी किन्मोची १९४०मध्ये वारला. ते घटनाबाह्य. निवडणुकीचा जागावाटपाचा तक्ता ‘बाह्य’ कसा असेल? तो कायद्याच्या परिशिष्टात छापलेला असतो!

माझा शब्द: घटनाविसंगत.

निळीशाई
‘घटनाविसंगत स्थिती’ आजच्या वीस-बावीस वर्षांच्या वाचकाला वाचायला द्या. कुठली घटना, कधी घडली, असं विचारेल. आपल्या ग्रंथाचं अधिकृत मराठी नाव ‘भारताचे संविधान’ आहे. शब्द हातात असताना ‘घटना’ला का चिकटायचं? संविधानविसंगत म्हणा.

कानामात्रा
घटनापीठ, घटनादुरुस्ती, घटनासमिती, घटनाकार हे सगळं आता बदलायचं? ‘घट्’ म्हणजे जुळवणं, रचणं. संघटना त्यातूनच येते. राज्याची रचना म्हणजे राज्यघटना, यात खटकण्यासारखं काय आहे? आणि संविधानाच्या पाठोपाठ ‘असंवैधानिक’ येतं, ते तर थेट हिंदी बातम्यांतून. संस्कृतच्या नियमानं ते ‘सांविधानिक’ व्हायला हवं, तेही कुणी म्हणत नाही.

पडवी
गंमत म्हणजे ‘घटना’त प्रसंग लपलाय तर संविधानात कथानक. नाटकाच्या परीक्षणात ‘संविधानक’ वाचलेलं आठवतंय ना? दोघंही एकाच नावेत. घटनेला असलेल्या जपानी ‘केन्पो’ या शब्दाचीही तीच गत. इ.स. ६०४च्या सतरा कलमांना तोच शब्द आहे, पण त्यात ‘सलोखा मोलाचा माना’, ‘अधिकाऱ्यांनी सकाळी लवकर कामावर यावं’ असली ताकीद. मेइजी काळात त्याच जुन्या शब्दात नवा अर्थ ओतला. शब्द शुद्ध की अशुद्ध यापेक्षा तो रुळला की नाही, हे बघा.

छत्री
मूळ शब्दाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहतेय. ‘इकेन-जोताइ’ हे वृत्तपत्री संक्षिप्त रूप आहे. निकालपत्रात लांबलचक वाक्य असतं, आणि तेही दोन सभागृहांसाठी दोन तऱ्हेचं. कनिष्ठ सभागृहाला: ‘मतमोलाच्या समानतेच्या घटनेतील अपेक्षेविरुद्ध जाणारी स्थिती आली होती’. वरिष्ठ सभागृहाला: ‘घटनाभंगाचा प्रश्न उभा राहावा इतकी ठळक असमानतेची स्थिती’. दुसरं वाक्य नीट वाचा. तिथे प्रश्न उभा राहतो, भंग झाला असं कुणी म्हणत नाही. वर्तमानपत्रं मात्र दोन्हींना एकच पाटी लावून मोकळी होतात.

त्यामुळे अर्धविराम यांनी आधी ठरवावं, भाषांतर निकालाचं करायचंय की मथळ्याचं. मथळ्याचं असेल तर त्यातली चलाखीही मराठीत यायला हवी. ‘स्थिती’ हे शेपूट लावून आरोप अर्धवट ठेवण्यात त्या शब्दाची सगळी करामत आहे. ‘विसंगत’नं ती जाते. विसंगत फारच गुळगुळीत आहे, हिशेबाच्या वहीत शोभेल.

मोडीवाचक
पालिका जुन्या चाळीवर ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी ठोकते. पाडत नाही, रिकामी करत नाही, भाडेकरू आत नांदतात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाटी. हे तेच. ‘घटनेला धोकादायक’?

दफ्तरदार
पाटीची उपमा झकास आहे, फक्त एका ठिकाणी मोडते. चाळ दुरुस्त करायला बाहेरून कंत्राटदार आणता येतो. इथे दुरुस्ती करू शकणारे लोक आत राहणारेच आहेत. १९७६चं निकालपत्र यावरच उभं आहे. घटनेचं कलम ९८ म्हणतं, घटनेविरुद्धच्या कायद्याला बळ नाही. ते अक्षरशः लावलं तर त्या तक्त्यावर निवडून आलेले सगळे घरी जातील, त्यांनी केलेल्या कायद्यांवर सावट येईल, आणि तक्ता सुधारणारा कायदा करायलाही कुणी उरणार नाही.

यातली तांत्रिक अडचण भाषांतरकारानं जपून उचलावी. प्रशासकीय खटल्यांच्या कायद्याच्या कलम ३१मध्ये ‘कृती बेकायदा, पण रद्द केल्यानं सार्वजनिक हिताची मोठी हानी’ असेल तर दावा फेटाळायची सोय आहे. पण निवडणूक कायद्याचं कलम २१९ सांगतं की निवडणुकीच्या खटल्यांना हे कलम लागू नाही. दार बंद. मग न्यायालय म्हणालं, आम्ही ते कलम लावत नाही, त्याच्या मुळाशी असलेलं कायद्याचं सर्वसाधारण तत्त्व लावतो. म्हणून ‘जिजो-हान्केत्सु’चं ‘कलम ३१खालील निकाल’ असं भाषांतर कुणी केलं तर ते सपशेल चूक होईल. मी ‘परिस्थिती पाहून दिलेला निकाल’ असं सरळ लिहीन.

कानामात्रा
निकाल नव्हे, निवाडा. निकाल परीक्षेचाही लागतो. शिवाय निवडणुकीबद्दलच्या लेखात ‘निवडणुकीचा निकाल’ आणि ‘निवडणुकीबद्दलचा निकाल’ यांचा गुंता होणारच. वर दोन ठिकाणी झालाय.

निळीशाई
हे मान्य. आणि ‘मुको’ला अवैध की रद्दबातल?

मोडीवाचक
रद्दबातल. रद्द अरबी, बातल अरबी, जोडी मात्र मराठी कचेरीत पक्की मुरलेली. ‘अवैध’ दारूला, वाळूउपशाला आणि बांधकामालाही लागतं. त्यात ‘झालं ते झालंच नाही असं समजा’ हा अर्थ येत नाही.

छत्री
पण मुकोमध्येही ‘झालंच नाही’ असं नेहमी नसतं. २५ मार्च २०१३ला हिरोशिमा उच्च न्यायालयानं तिथल्या पहिल्या आणि दुसऱ्या मतदारसंघातली निवडणूक मुको ठरवली, पण तो परिणाम नोव्हेंबरअखेरीपासून लागू होईल असं सांगून. दुसऱ्याच दिवशी त्याच न्यायालयाच्या ओकायामा शाखेनं अशी सवलत न देता मुको म्हटलं. नोव्हेंबरची ती तारीख यायच्या जेमतेम काही दिवस आधी, २० तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही निवाडे फिरवले आणि इकेन-जोताइवर आणून ठेवले. म्हणजे अर्धविराम यांचा मूळ निवाडा तोच.

तिथे मुदत का उलटली नाही, हेही वाक्यात यायला हवं. २३ मार्च २०११ला न्यायालयानं बोट ठेवलं होतं ते ‘हितोरी-बेत्सुवाकु’वर: एकसदस्यी मतदारसंघांच्या ३०० जागांपैकी ४७ प्रांतांना आधी प्रत्येकी एक वाटून टाकायची, उरलेल्या २५३ लोकसंख्येनुसार. संसदेनं ती तरतूद काढणारा आणि पाच जागा कमी करणारा कायदा केला १६ नोव्हेंबर २०१२ला. सभागृह विसर्जित झालं तेही त्याच दिवशी. नव्या सीमा आखायला वेळच नव्हता, त्यामुळे १६ डिसेंबरला मतदान जुन्याच सीमांवर. चिबा चौथा विरुद्ध कोची तिसरा, २.४३ पट. (कोची म्हणजे शिकोकू बेटावरचं, केरळातलं नव्हे. तळटीप द्या.) संसदेनं निदान हात हलवला, म्हणून न्यायालयानं मुदत शिल्लक धरली.

उंटावरून
सगळे शब्द कायद्याच्या अंगानं चाललेत. वाचकाचा खरा प्रश्न हा की अशा संसदेला राज्य करायचा अधिकार उरतो का? त्याला आपल्याकडे शब्द कुठाय? राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘अधिमान्यता’ आहे, ती परीक्षेबाहेर कुणी वापरत नाही. वर्तमानपत्रं ‘वैधता’ म्हणतात, ती पुन्हा कायद्याकडेच जाते.

पडवी
जपानीत याला एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत, सेइतोसेइ आणि सेइतोसेइ. एकातलं ‘तो’ हे अक्षर वंशाच्या सलग धाग्याचं, त्याच्या चिन्हात डावीकडे रेशमाचा धागाच आहे. दुसऱ्यातलं ‘तो’ म्हणजे अचूक बसणं, योग्य असणं. पहिला प्रश्न: गादी कुणाची? दुसरा: हे वागणं समर्थनीय आहे का? १९११मध्ये शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात चौदाव्या शतकातले उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही दरबार बरोबरीनं मांडले म्हणून कात्सुरा मंत्रिमंडळ अडचणीत आलं. पुस्तकाचे लेखक किदा सादाकिची निलंबित झाले आणि दक्षिण दरबार खरा असं ठरलं. सिंहासनावरचे मेइजी सम्राट स्वतः उत्तर दरबाराच्या वंशातले! हा पहिला सेइतोसेइ. त्याला मराठीत ‘औरसपणा’ चालेल. मतांच्या तफावतीचा मामला दुसऱ्यातला.

उंटावरून
औरस संसद आणि अनौरस संसद? दत्तकवाले भांडायला येतील.

निळीशाई
‘हक्कदारी’ बघा. राज्य करायची हक्कदारी. बोलीत आहे, कळतंही.

कानामात्रा
हक्कदारी म्हणजे मालमत्तेतला वाटा. सरकार काय सातबाऱ्यावर चढवायचंय?

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. तूर्त मथळ्यात ‘घटनाविरोधी स्थिती’ ठेवते आणि पहिल्याच परिच्छेदात ‘पण मुदत उलटलेली नाही, म्हणून निवडणूक कायम’ असं जोडते. ‘विसंगत’ छत्री यांच्या आक्षेपानंतर काढलं. आता दुसरी अडचण: ‘तफावत दुपटीच्या आत आणली’ हे बरोबर आहे का?

दफ्तरदार
‘तफावत दुप्पट’ घातक आहे. तफावत म्हणजे फरक. फरक दुप्पट म्हटलं की हिशेबी वाचक १ आणि ३ धरतो. तिथे १ आणि २ एवढंच म्हणायचंय. ‘एका ठिकाणच्या मताचं मोल दुसरीकडच्या दुपटीहून कमी ठेवलं’ असं लिहा. आणि दिशा उलटी करू नका. २.४३ पट मोल कोचीतल्या मताला होतं, चिबातल्या नव्हे. जिथे मतदार कमी तिथलं मत भारी. ही चूक तर छापून आलेल्या मजकुरातही सर्रास सापडते.

छत्री
पुढे ॲडम्स पद्धत येईल तेव्हा अजून एक खड्डा आहे. लोकसंख्येला एका भाजकानं भागायचं, अपूर्णांक कितीही बारका असला तरी वरच्या पूर्णांकावर न्यायचा, आणि बेरीज एकसदस्यी मतदारसंघांच्या आताच्या २८९ जागांशी जुळेपर्यंत भाजक हलवत राहायचं. २०२०च्या जनगणनेवर हे केलं तेव्हा दहा जागा वाढल्या, दहा घटल्या. एकट्या तोक्योला पाच, कानागावाला दोन, साइतामा, चिबा आणि आइचीला एकेक. २०२४ची निवडणूक त्यावर झाली. या ‘वर नेण्या’ला मराठीत एक शब्द हवा. ‘पूर्णांकन’ चालणार नाही, त्यात खाली उतरवणंही येतं.

मोडीवाचक
बाजारात सुटे नसले की दुकानदार ‘वरचे सोडा’ म्हणतो. त्याच्या उलट काय?

कानामात्रा
‘वरचे सोडा’ म्हणजे खाली आणणंच झालं. उलट म्हणजे ‘पुरा धरा’. ॲडम्सची ‘पुरे धरण्याची’ पद्धत.

निळीशाई
‘धरणे’ आलं की लोकांना पाणी आठवेल.

कानामात्रा
आणि घटनेवरून अपघात. तुम्हाला सगळंच आठवतं.

उंटावरून
वरिष्ठ सभागृहातल्या, दोन प्रांत मिळून केलेल्या मतदारसंघांना काय म्हणणार? २०१६पासून तोत्तोरी-शिमाने एक, तोकुशिमा-कोची एक. तिथे ‘गोकु’ म्हणतात.

मोडीवाचक
जोडमतदारसंघच. जोडाक्षर, जोडगोळी, जोडमतदारसंघ. त्यामुळे मोल ४.७७वरून ३.०८ पटींवर आलं ना?

दफ्तरदार
मोल नव्हे, मोलाचं गुणोत्तर. पुन्हा तेच.