मदत हवी आहे: बाबांची सीपॅप टायट्रेशन टेस्ट, आणि लाइनचा भरवसा नसलेल्या गावात कोणतं मशीन-मास्क घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कास्तकार. बाबा ५८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. घोरणं जुनंच, पण आता घोरता घोरता श्वास अडकतो, घरात एकदम शांतता होते आणि मग ते धडपडून उठतात. आई निम्मी रात्र त्यांच्या छातीकडे बघत जागी असते. दिवसा चहाची बशी हातात धरून डोळा लागतो, म्हणून मोटरसायकलची चावी मी माझ्याकडेच ठेवली आहे. नागपूरला स्लीप स्टडी झाली. एएचआय ४६ आला, म्हणजे तासाला सरासरी ४६ वेळा श्वास थांबतो किंवा अगदी कमी होतो. ३० च्या वर तीव्र धरतात. ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता. आता सीपॅपच्या (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासनळी उघडी ठेवणारं मशीन) टायट्रेशनला बोलावलंय: मास्क लावून झोपवायचं, दाब थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि कितीवर श्वास मोकळा राहतो ते बघायचं.

त्या दिवशी दुपारची झोप नाही, दुपारनंतर चहा नाही, डोक्याला तेल नाही (नाहीतर वायरी चिकटत नाहीत), नेहमीच्या गोळ्या सोबत, एवढं सांगितलंय. माझा प्रश्न खर्र्याचा आहे. बाबांना रात्री जेवल्यावर खर्रा लागतोच. तंबाखूने झोप उडते हे कळतं, पण एकदम बंद केला तर त्या तलफेनेच रात्रभर तळमळतील. कोणी आधीपासून कमी करत नेऊन ही टेस्ट दिली आहे का? दुसरं म्हणजे बाबा कायम कुशीवर झोपतात. उताणं झोपल्यावर आणि स्वप्नाच्या झोपेत त्रास जास्त होतो, म्हणून तेवढ्या वेळेतही दाब पुरतो का ते बघणं महत्त्वाचं, असं वाचलं. मग आपण टेक्निशियनला आधीच सांगावं का, की थोडा वेळ उताणं झोपवा?

खरी काळजी मास्कची आहे. बाबांच्या मिशा जाड आहेत आणि झोपेत तोंड उघडं राहतं. तोंड उघडं राहिलं तर नाकाच्या मास्कमधली हवा तोंडावाटे निघून जाते, आणि तोंड-नाक दोन्ही झाकणारा फुल फेस घेतला तर मिशांमुळे कडेने गळती. नाकपुड्यांत बसणारे नेझल पिलोज मिशीवाल्यांना बरे पडतात म्हणतात, पण उघड्या तोंडाचं काय? हनुवटीचा पट्टा लावून कोणाचं भागलंय का? मिशा काढायला बाबा तयार नाहीत आणि मलाही त्यासाठी भांडायचं नाही. मला वाटतं टेस्टच्या संध्याकाळीच दोन-तीन मास्क त्यांना आडवं करून लावून बघायला मिळाले पाहिजेत, कारण ज्या मास्कवर दाब ठरेल तोच पुढे घरी चालवायचा. लॅबवाले एवढा वेळ देतात का?

आता लाइन. पावसाळ्यात आमच्याकडे रात्री लाइन गेली की कधी येईल याचा नेम नसतो. आईला धास्ती, की मास्क तोंडावर असताना मशीन बंद पडलं तर गुदमरतील. फुल फेस मास्कला त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो, बाहेरची हवा आत येते, हे मी तिला समजावलं. पण श्वासनळी परत बंद पडायला लागेल त्याचं काय? घरी १५० एएचची बॅटरी आणि साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे, त्यावर पंखाही चालतो. मशीनला प्युअर साइन वेव्ह (लाइनसारखीच वीज देणारा) लागतो असं ऐकलं, म्हणजे इन्व्हर्टर बदलायचा का? की ह्युमिडिफायर (हवेत ओलावा आणणारी मशीनची पाण्याची टाकी) बंद ठेवून मशीन थेट डीसी बॅटरीवर चालवावं? त्यातही काही मशीनना १२ व्होल्ट लागतात, रेसमेडच्या एअरसेन्स १० ला २४. कोणी गावात असं जोडलं असेल तर कृपा करून सविस्तर लिहा.

उन्हाळ्यात आम्ही कुलरसमोर झोपतो. गार हवा नळीवर बसली की आत पाणी साचून नाकात येतं म्हणे. मग ह्युमिडिफायर कमी ठेवायचा की नळीला कापडी कव्हर शिवून घ्यायचं?

एक विक्रेता आत्ताच मशीन घ्या म्हणून मागे लागलाय. मी थांबलोय. सीपॅपचा दाब १५ पर्यंत नेऊनही श्वास अडकत राहिला तर बायपॅपवर (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन) जावं लागू शकतं, मग आधी घेतलेलं मशीन काय कामाचं? एका नातेवाइकांनी त्यांचं जुनं फिलिप्सचं मशीन देऊ केलंय. पण जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतल्या फोमच्या बिघाडामुळे बरीच मॉडेल्स परत मागवली होती. हे त्यातलं आहे का, ते सिरियल नंबरवरून तपासल्याशिवाय बाबांच्या नाकाला लावणार नाही. महिनाभर भाड्याने घेऊन मग विकत घ्यावं असा माझा विचार आहे. विदर्भात भाड्याने देणारे कसे वागतात, मास्क नवा देतात का?

आमच्या घरात मोबाइलला रेंज धड नाही, त्यामुळे ॲपवरून डॉक्टरांना माहिती जाईल असं वाटत नाही. माहिती कार्डात साठवणारं, म्हणजे एसडी कार्ड असलेलंच मशीन मागू ना? आणि ह्युमिडिफायरला डिस्टिल्ड वॉटर लागतं. तालुक्याला पेट्रोल पंपावर बॅटरीत टाकायचं पाणी कॅनमध्ये मिळतं, ते चालेल, की मेडिकलमधूनच आणायचं?

टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे. मास्क आणि इन्व्हर्टरबद्दल आधी कळलं तर फार बरं होईल.