कार्बन बाजारात तळभाव बांधून द्यावा का?

मोजमाप (धागाकर्ता)
उत्सर्जन व्यापारात सरकारने परवान्यांची (एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड सोडायची मुभा) संख्या ठरवायची आणि भाव बाजारावर सोडायचा, हे तत्त्व कागदावर छान दिसतं. अडचण अशी की संख्या आधी ठरते आणि गरज नंतर कळते. युरोपात २००५ ला पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा परवाने अंदाजाने वाटले गेले. एप्रिल २००६ मध्ये प्रत्यक्ष उत्सर्जनाचे पडताळणी झालेले आकडे बाहेर आले, परवाने उत्सर्जनापेक्षा जास्त निघाले, आणि ३० युरोच्या आसपासचा भाव बघता बघता निम्म्यावर आला. उरलेले परवाने पुढच्या टप्प्यात नेण्याची मुभा नव्हती, त्यामुळे २००७ संपताना त्यांना कुणी विचारेना. पुढे मुभा दिली, तर २००८ च्या मंदीने घात केला. कारखाने थंडावले, परवाने मात्र ठरल्या वेळापत्रकाने येत राहिले. २०१३ मध्ये शिल्लक २ अब्जांच्या वर!

माझा प्रस्ताव साधा आहे. लिलावात तळभाव ठेवा, त्याखालच्या बोलीला परवाना विकूच नका. कॅलिफोर्नियात सुरुवातीपासून हेच आहे. २०१२ ला १० डॉलर, त्यानंतर दरवर्षी ५ टक्के अधिक महागाई.

वायदेवाला
साफ विरोध. भाव पडला म्हणजे बाजार बिघडला, हे कुणी ठरवलं? मंदीत धूर कमी झाला, परवान्याची गरज कमी झाली, भाव उतरला. मर्यादा पाळली गेली की नाही? गेली. तापमानवाढीला टनाशी मतलब, युरोशी नाही. आणि ठरलेला भावच हवा असेल तर सरळ कार्बन कर लावा. बाजाराचं सोंग कशाला?

राखेचा ढीग
मर्यादा पाळली गेली हे खरं, पण स्वस्त परवाना वीजकेंद्रात काय करतो ते बघा. कोळशाच्या केंद्रातून एका मेगावॅट-तासाला साधारण ०.९ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, कंबाइंड सायकल (वाया जाणाऱ्या उष्णतेतूनही वीज बनवणाऱ्या) गॅस केंद्रातून ०.४ च्या आत-बाहेर. परवाना ५ युरोला असेल तर कोळशावर ४.५ आणि गॅसवर २ युरो चढतात, म्हणजे फरक अडीच युरो. गॅस कोळशापेक्षा याहून कितीतरी महाग असू शकतो, त्यामुळे कोळसाच आधी चालतो. तोच परवाना २५ ला गेला की फरक १२.५ होतो आणि चालवण्याचा क्रम उलटण्याची शक्यता तयार होते. शिवाय स्वस्तात घेतलेला परवाना जळून जात नाही, पुढच्या वर्षांत वापरायला तिजोरीत पडून राहतो. मंदीत वाचलेला धूर तेजीत सोडायची ती सोय आहे.

वायदेवाला
मग ब्रिटनचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१३ पासून त्यांनी वीजकेंद्रांच्या इंधनावर वेगळा कार्बन अधिभार लावला, २०१६ पासून टनाला १८ पौंड. विजेतला कोळशाचा वाटा २०१२ मधल्या सुमारे ४० टक्क्यांवरून पाच वर्षांत ७ टक्क्यांच्या आसपास आला. वाहवा! पण युरोपची एकूण मर्यादा तीच होती. ब्रिटिश केंद्रांनी न वापरलेले परवाने दुसऱ्या देशातल्या केंद्राने घेतले. गादी इकडे दाबली की तिकडे फुगते.

मोजमाप
हा तळभावाविरुद्धचा मुद्दाच नाही, एकाच देशाने तो लावण्याविरुद्धचा आहे. ब्रिटनने भाव वाढवला, संख्या नाही घटवली. लिलावातला सामाईक तळभाव संख्याच घटवतो, कारण न विकलेला परवाना बाजारात येतच नाही.

हिशेबनीस
दोघेही युरोपने खरोखर निवडलेली वाट सोडून बोलताय. जानेवारी २०१९ पासून तिथे बाजार स्थिरता राखीव साठा चालू आहे. चलनातली शिल्लक (बाजारात आलेले पण अजून न वापरलेले परवाने) ८३.३ कोटींच्या वर गेली की लिलावातून कपात होऊन ती राखीव साठ्यात जाते, ४० कोटींच्या खाली आली की साठ्यातून परत सोडतात. भावाला हातच लावत नाहीत.

यात एक मजेशीर खोच होती. कपात एकूण शिल्लकीच्या २४ टक्के. म्हणजे शिल्लक ८३.२ कोटी असेल तर कपात शून्य, आणि ८३.४ झाली की थेट २० कोटी. २० लाखांच्या फरकाने २० कोटी परवाने इकडचे तिकडे! २०२३ च्या दुरुस्तीत हा कडा बुजवला. आता ८३.३ ते १०९.६ कोटींमध्ये फक्त वरची जादा रक्कम काढतात, त्यापुढे २४ टक्के. १०९.६ चे २४ टक्के काढून बघा, सांधा बरोबर जुळतो.

तरीही उणीव राहतेच. पुढे परवाने टंचाईत येणार असं वाटून कंपन्यांनी साठा केला, तरी नियम त्याला निव्वळ अतिरेक समजतो. वीजकंपन्या पुढची वीज आधीच विकतात आणि तेवढे परवाने लगेच घेऊन ठेवतात. त्या साठ्यात आणि बिनकामाच्या शिल्लकीत नियमाला फरक दिसत नाही.

वायदेवाला
हे मान्य. पण कॅलिफोर्नियाचं कौतुक अर्धवट आहे. मे २०१६ च्या लिलावात चालू वर्षाचे जेमतेम ११ टक्के परवाने खपले. लिलावाच्या पैशांवर आखलेल्या योजनांचं काय झालं असेल?

मोजमाप
तळभाव काम करतो तेव्हा तो असाच दिसतो. ८९ टक्के परवाने बाजाराबाहेर राहिले. युरोपात हेच परवाने कवडीमोलाने खपले असते. महसुलाचा खड्डा पडतो हे खरं, पण लिलावाचा पैसा पगारासारखा पक्का धरणं ही अर्थसंकल्प मांडणाऱ्याची चूक.

राखेचा ढीग
एक दुरुस्ती, आपल्याच बाजूची. तळभाव फक्त लिलावाला लागू असतो. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातच दुय्यम बाजारात (कंपन्यांच्या आपसातल्या खरेदी-विक्रीत) परवाने तळभावाच्या थोडे खाली मिळत होते, मग लिलावात कोण जाईल? जिथे बहुतेक वाटप फुकट आहे तिथे तर हा उपाय पोकळच. चीनचा राष्ट्रीय बाजार २०२१ ला सुरू झाला तेव्हा सगळे परवाने फुकट होते, तेही उत्पादनाच्या प्रमाणात. वीज जास्त बनवली की परवानेही जास्त. तिथे पक्की मर्यादाच नाही, लिलावही नाही, मग तळभाव टांगणार कशाला?

हिशेबनीस
जाता जाता, वर कुणी म्हटलं नाही तरी हा गैरसमज फार आहे. युरोपातला, परवाने कमी पडले तर होणारा टनाला १०० युरोचा दंड (महागाईनुसार वाढणारा) म्हणजे कमाल भाव नव्हे. दंड भरूनही कमी पडलेले परवाने पुढच्या वर्षी भरून द्यावेच लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव १०० च्या वर गेला तो म्हणूनच जाऊ शकला.