'साठा', 'धरून ठेवणे' आणि सोनं शोधणाऱ्या कंपनीचे शेअर

प्रश्न : सोन्याचं पूर्वेक्षण, म्हणजे जमिनीखालचा शोध, करणाऱ्या एका कंपनीचे शेअर माझ्याकडे आहेत. भाव सारखा वरखाली होतो, म्हणून वार्षिक अहवाल वाचायला घेतला. त्यात 'रिसोर्स' आणि 'रिझर्व्ह' वेगवेगळे दिलेत. मराठी बातम्यांत मात्र दोन्हींना 'साठा'च म्हणतात. फरक कसा दाखवावा? आणि 'होल्ड करणे'ला 'बाळगणे' चालेल का?

उत्तर : साठा म्हटलं की कोठारात भरलेलं, मोजलेलं धान्य डोळ्यांपुढे येतं. जमिनीखालच्या सोन्याला हाच शब्द लावला की ते हाती आल्यासारखं वाटतं. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला तीन हजार टनांहून जास्त सोन्याचा 'साठा' सापडल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: धातुक, म्हणजे सोनं असलेला दगड, सुमारे ५२,८०६ टन, त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. गुणाकार करा, जेमतेम १६० किलो भरतं. धातुकाचे टन आणि सोन्याचे टन यांत एवढं अंतर असतं, आणि 'साठा' हा शब्द ते झाकून टाकतो.

माझ्या मते रिसोर्स म्हणजे 'अंदाजित साठा', रिझर्व्ह म्हणजे 'काढण्याजोगा साठा'. बोअर मारून काढलेल्या नमुन्यांवरून खाली किती आहे याचा बांधलेला अंदाज हा पहिला. खोदाईचा खर्च, धातुकातून सोनं किती सुटेल, परवानग्या, हे सगळं धरूनही जे काढणं परवडेल तो दुसरा. अहवालात दुसऱ्याचा आकडा नसेल, तर बहुधा अजून खाण नाही, शोधच चालू आहे.

आणखी एक मत : रिसोर्सला पाठ्यपुस्तकी 'संसाधन' नको. नदी, जंगल, माणसं, सगळ्यांनाच संसाधन म्हणतात. 'अंदाजित साठा' लगेच कळतो.

'बाळगणे' मात्र मला पटत नाही. शस्त्र बाळगतात, भीती बाळगतात. शेअर बाजारात बसणारे 'ठेवलेत', 'धरून ठेवलेत' किंवा 'अडकलोय' म्हणतात. यातला शेवटचा शब्द वेगळा, कारण धरून ठेवण्यामागे निर्णय असतो, अडकण्यामागे नसतो. अशा कंपनीची विक्री नसते, त्यामुळे सोनं महागलं तरी तिच्या गल्ल्यात लगेच काही पडत नाही. शेअरचा भाव मुख्यतः हलतो तो बोअरच्या निकालांवर, खाणपट्ट्यावर (म्हणजे खोदाईच्या सरकारी परवान्यावर) आणि शिल्लक पैशांवर. पैसे संपले की नवे शेअर काढले जातात आणि जुन्या भागधारकाचा वाटा घटतो. खालचं सोनं मात्र तेवढंच राहतं.

खाणपट्ट्याचं म्हणाल तर कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं गणजूर पाहा. डेक्कन गोल्ड माइन्स या कंपनीने तिथे सोन्याच्या शोधाचं काम वर्षानुवर्षं केलं. २०१५ मध्ये कायदा बदलून खाणपट्टे लिलावाने द्यायचं ठरलं, तरी आधी पूर्वेक्षण केलेल्यांचा हक्क शाबूत ठेवला होता. २०२१ च्या दुरुस्तीने अशांचे खाणपट्ट्यासाठीचे प्रलंबित अर्जही संपुष्टात आले. खडकात काहीच बदललं नव्हतं.

प्रश्नकर्ता : म्हणजे भाव पडल्यावर आधी हे बघायचं, की तो बोअरच्या निकालाने पडला, परवान्याने, की नव्या शेअरांनी?

उत्तर : हो. बाकी सगळं जागच्या जागी असून फक्त बाजार घसरला असेल, तर 'धरून ठेवलेत' म्हणा. खाणपट्टाच गेला असेल, तर तिथे 'अडकलोय' हाच खरा शब्द.