मदत हवी आहे: बहिणीला ओमानला कामाला जायचंय, पण वय ३० च्या आत आणि दहावी नाही म्हणून सरकारी परवानगी मिळत नाही. हा नियम बदलायला काय करावं?

तापीकाठचा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझी आतेबहीण, वय २७, चोपड्याकडची. शाळा नववीत सुटली. आता केळीच्या पॅकहाऊसवर कामाला जाते, घडाच्या फण्या सोडवायच्या, टाकीत धुवायच्या, फोम लावून १३ किलोच्या खोक्यात भरायच्या. चिकाने बोटं काळी पडलीयत ती दिवाळीलाही निघत नाहीत. रोज ३५० रुपये, तेही कटिंग असेल तेव्हाच. एक मुलगा आहे ६ वर्षांचा, तो आत्याकडे राहील असं घरात ठरलंय.

तिच्या ओळखीची एक बाई मस्कतला हॉटेलात साफसफाईला आहे, तिने सांगितलं इथे जागा आहे, १०० रियाल पगार, म्हणजे आपले २० हजारांच्या वर. आम्ही पासपोर्ट काढला, त्यावर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणार) असं आलं. मग मुंबईच्या एका रजिस्टर्ड एजंटकडे गेलो तर तो म्हणे ईसीआर पासपोर्टवर ३० च्या आतल्या बाईला क्लिअरन्स, म्हणजे कामाला जायची सरकारी परवानगी, मिळतच नाही, ३ वर्षांनी या.

घरी येऊन मी वाचत बसलो. १९८३ चा एमिग्रेशन कायदा, त्यात ईसीआरवाल्याने ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आखाती देश सगळे त्यात. पण दहावी पास असेल तर नाही, वय ५० च्या वर असेल तर नाही. हाच पासपोर्ट घेऊन ती उद्या सिंगापूरला कामाला गेली तर आपल्याकडून ही परवानगी कोणी मागणार नाही. आणि ओमानला फिरायला गेली तरी चालतं, कमवायला गेली की नाही!

२७ वर्षांची बाई मत देते, घर चालवते, पण कुठे कामाला जायचं ते सरकार ठरवणार का? तिला सांगितलं तर म्हणते, "दादा, मी भरेल केळं मस्कतले जातस, मंग माले कसाले नही जाऊ देतस?" काय उत्तर देऊ भो.

तर मदत दोन गोष्टींसाठी हवी आहे. तिच्यापुरता काही मार्ग आहे का? आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ही वयाची अट काढा म्हणून निवेदन, सह्या, कोर्ट असं काही करायचं तर सुरुवात कुठून करायची? खासदारांना नुसतं पत्र देऊन काही होतं का? गावातला एक जण म्हणतो ८० हजार दे, व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे बदलून घेऊ. ते करायचं नाहीये.

रावेरकर

पहिलं म्हणजे त्या ८० हजारवाल्याला हात जोडा. ईसीआरवाला व्हिजिटवर जाऊ शकतो याच फटीतून हे लोक माणसं उडवतात. एअरपोर्टवर संशय आला तर ऑफलोड, म्हणजे विमानात चढूच देत नाहीत, आणि पोचली तरी कागदोपत्री ती कामगार नाहीच. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा क्लिअरन्सच्या वेळी निघतो, तो तिला मिळणार नाही.

बाकी केळीलाही बाहेर पाठवताना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कीड-रोग नसल्याचा दाखला) लागतं हो, वयाचा दाखला तेवढा मागत नाहीत 😀

अमळनेरी_वकील

कोर्टाचं थोडं सांगतो. परदेशात जाणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे हे सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी केसमध्ये सांगितलं. तोवर पासपोर्ट द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी होती, या निकालानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. मग १९७८ चा मनेका गांधी निकाल, पासपोर्ट का जप्त केला याचं कारणही सरकार देत नव्हतं, कोर्ट म्हणालं की रोखण्याची पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी. तुमचा मुद्दा इथेच बसतो. दहावी न झालेल्या बाईला ३० पर्यंत थांबवणं वाजवी आहे का?

पण थेट कोर्टात धावू नका. आधी परराष्ट्र मंत्रालयाला आरटीआय टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ही अट कोणत्या आदेशाने आली, तो आदेश मागा, आणि गेल्या ५ वर्षांत वयामुळे किती जणींचे अर्ज नाकारले ते विचारा. याचिका करायची झालीच तर आपले खानदेशचे तिन्ही जिल्हे हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे येतात, मुंबई गाठायची गरज नाही.

धुळ्याची_ताई

मी जरा उलटं बोलते, राग नको. माझी मावशी कुवेतला घरकामाला होती, मालकाने पासपोर्ट काढून घेतला, ७ महिने फोन नाही. नियम काही उगाच नाही आला. एकटी बाई, भाषा येत नाही, कुणाला सांगणार?

तापीकाठचा

ताई, राग कसला. पण मावशींचं वय काय होतं? ३१ व्या वर्षी मालक पासपोर्ट घेत नाही का? नेपाळने २०१२ मध्ये ३० च्या आतल्या बायकांना आखातात घरकामाला जायला बंदी केली, तर त्या दिल्ली-मुंबईमार्गे गेल्याच, लपून. बंदी आली की त्या ८० हजारवाल्याचंच दुकान चालतं.

धुळ्याची_ताई

३८ होतं. बरं, हे पटलं. पण मग निवेदनात नुसतं अट काढा लिहू नका, तिकडच्या दूतावासात मदत वाढवा हेही लिहा. तसं असेल तर माझी सही धरा.

भुसावळ_जंक्शन

बहिणीचं इन्कम टॅक्स रिटर्न भरून टाका, टॅक्स भरणाऱ्याला ईसीआर लागत नाही.

रावेरकर

भाऊ, शून्याचं रिटर्न चालत नाही, प्रत्यक्ष कर भरल्याचा पुरावा लागतो. ३५० रोजावर कुठला कर?
त्यापेक्षा १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी. पास झाली की मार्कशीट जोडून पासपोर्ट रिइश्यू, ईसीआर गेलं, मग वयाचा प्रश्नच उरत नाही. एक वर्ष जाईल पण ३ तर नाही.

आणि मोहिमेने काही होत नाही असं समजू नका. जानेवारी २०१८ मध्ये ईसीआरवाल्यांना नारिंगी पासपोर्ट द्यायचं सरकारने जाहीर केलं होतं, म्हणजे लांबूनच कळावं हा कमी शिकलेला. केवढी ओरड झाली, केरळात लोक कोर्टात गेले, आणि त्याच महिन्याच्या शेवटी निर्णय मागे घेतला.

तापीकाठचा

नारिंगीचं माहीतच नव्हतं, निवेदनात पहिल्याच परिच्छेदात टाकतो. आरटीआय आज रात्री ऑनलाइन भरतोय, वकीलसाहेब, मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, जरा नजर घाला.

बहिणीला १७ नंबरचं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "गणित राहतं का त्यामा?" राहतं म्हटल्यावर फोनच ठेवला. अर्ध्या तासाने तिनेच केला, पुस्तकं कुठे मिळतील म्हणून. पॅकहाऊसवर तिच्यासारख्या अजून ५-६ जणी आहेत म्हणे, दहावी नाही आणि वय तिशीच्या आत, उद्या जेवणाच्या सुट्टीत सह्यांचा कागद घेऊन जातो. कोणी जळगाव, यावल साइडचं असेल तर सांगा, अजून पॅकहाऊस गाठायचेत.