मदत हवी आहे: फिट कमी झाल्या, पण भाऊ गप्प झालाय

धाकटा भाऊ, वय २६. दहावीपासून फिट येतात. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी लेव्हेटिरासेटाम ही फिटची गोळी सुरू केली. मोठी फिट तेव्हापासून आलेली नाही, फक्त कधीतरी मिनिटभर हरवल्यासारखा होतो. घरात सगळे खूश, तो सोडून. बुद्धिबळाचा पट उघडत नाही, एवढ्यातेवढ्यावरून भडकतो, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. झोप, मरगळ, विसरणं यातलं गोळीचं किती आणि मनाचं किती, कसं ओळखायचं? परवा म्हणाला, "माझ्यापायी तुमची फरपट होतेय." आईचं म्हणणं, फिट थांबल्यात ना, उगाच उकरू नकोस. गोळी थोडे दिवस बंद करून पाहावी का? आणि डिप्रेशनच्या गोळ्यांनी फिट वाढतात हे खरं का?

प्रतिसाद १
ताई, गोळी अचानक बंद अजिबात करू नका. एकामागून एक फिट येत राहण्याचा धोका असतो, जिवावर बेतू शकतं.

मलाही अपस्मार आहे, याच गोळीने मीही घरच्यांना खूप छळलंय. चिडचिड आणि उदासी हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट सांगा, ते डोस किंवा औषध बदलू शकतात. पण सगळं गोळीवर ढकलूही नका. काहींना फिटच्या आधी काही तास ते एखाददोन दिवस, काहींना नंतर दोनचार दिवस उदास वाटतं. म्हणून तारखा लिहा: हरवला कधी, भडकला कधी, डोस कधी बदलला. झोप-भूक गोळीनेही बदलते, फसवी असते, तिच्यावर जाऊ नका. कशातच रस नाही, अपराधी वाटतं, 'मेलेलं बरं' वाटतं, यावर लक्ष ठेवा. यासाठी सहा प्रश्नांची छोटी चाचणीही आहे, एनडीडीआय-ई. डॉक्टरांकडे मागा.

डिप्रेशनच्या गोळ्यांचं म्हणाल, तर एसएसआरआय गटातल्या बहुतेक गोळ्या नेहमीच्या डोसमध्ये चालतात. ब्युप्रोपियॉन आणि क्लोमिप्रामीन या डिप्रेशनच्याच दुसऱ्या गोळ्यांनी मात्र फिटचा धोका वाढतो. सायकियाट्रिस्टना फिटच्या सगळ्या गोळ्या दाखवा.

आणि ते 'फरपट' वाक्य मला टोचलं. जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला आजच सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, आजच दवाखाना गाठा.

धागाकर्ती
विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग "कधीकधी" म्हणाला. डॉक्टरांना फोन केलाय, तासाभरात निघतोय. गोळ्यांचा डबा आता माझ्याकडे आहे. आईही येतेय.