भूगोलात एम.एस्सी. करून आफ्रिकेतल्या शहरांवर काम: नाशिकमधून तयारी कशी करावी?

सातपूरकर:
नाशिकमध्ये एम.एस्सी. भूगोलचं दुसरं वर्ष चालू आहे. क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) येतं, सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमांचं वर्गीकरण जमतं. नैरोबी, कंपाला, दार-एस-सलामसारख्या शहरांच्या शाश्वत विकासात काम करायचं आहे. अर्जासोबत नमुना म्हणून काय जोडावं? आणि अर्ज कधी करावा?

नकाशाघर:
संयुक्त राष्ट्रांचं शहरांविषयीचं शाश्वत विकास ध्येय ११, त्यातला ११.३.१ हा निर्देशांक काढा. शहर जमीन किती वेगाने व्यापतंय आणि लोकसंख्या किती वेगाने वाढतेय, यांचं ते गुणोत्तर. आधी नाशिकवर करा, म्हणजे चुकलं तर लगेच कळेल. महापालिका हद्दीत २००१ ला १०,७७,२३६ लोक होते, २०११ ला १४,८६,०५३. नंतरच्या आकड्याला आधीच्याने भागून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढून १० ने भागा, ०.०३२ येतं. जमिनीला लॉगॅरिदम नाही: वाढलेलं क्षेत्र भागिले आधीचं क्षेत्र भागिले वर्षं. समजा ५० चौ.किमी.चे १० वर्षांत ८० झाले, तर ०.०६. गुणोत्तर सुमारे १.९, म्हणजे माणसांपेक्षा जमीन जवळपास दुप्पट वेगाने जातेय.

सगळ्यात जास्त चुका हद्दीत होतात. महापालिकेची हद्द धरली की तिच्याबाहेर सरकलेली वस्ती सुटते. म्हणून सराव झाला की १ चौ.किमी.च्या चौकटी घ्या: प्रत्येकीत किमान १,५०० लोक आणि सलग पट्ट्यात मिळून किमान ५०,०००. शहर ठरवायची ही व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्य केली.

मग तेच नैरोबीवर. नाशिकचा ईपीएसजी (नकाशाची निर्देशांक-पद्धत सांगणारा क्रमांक) ३२६४३, नैरोबीचा ३२७३७. तिथे सवयीने उत्तरेचा ३२६३७ लावला तर नकाशाचा थर थेट उत्तर ध्रुवाजवळ जाऊन पडतो, कारण दक्षिणेच्या पट्ट्यांत नॉर्दिंगमध्ये (उत्तर-दक्षिण अंतराचा आकडा) १ कोटी मीटर मिळवलेले असतात आणि नैरोबीचं नॉर्दिंग ९८ लाख ५७ हजारांच्या आसपास येतं. केनियाचे जुने नकाशे आर्क १९६० डेटमवर (स्थानं मोजायचा जुना आधार) आहेत. रूपांतर न करता वापरले तर सगळं सुमारे ३०० मीटर सरकतं, आणि दाट वस्तीत तेवढ्यात मोहल्ला बदलतो. उघडी माती बांधकाम म्हणून मोजली जाते तेही तपासा. एप्रिलमधली नांगरलेली रानं नाशिकलाही असंच फसवतात.

जुने_नाशिक:
तंत्राइतकीच जमिनीची मालकी समजून घ्या, माझ्या मते जास्तच. आपल्याला सातबाऱ्याची सवय. कंपालात मात्र १९०० च्या बुगांडा करारातून आलेली ‘मायलो’ जमीन आहे. मालक एक, वर्षानुवर्षं त्यावर राहणारा किबांजाधारक दुसरा, आणि कायदा दोघांचाही हक्क मानतो. एक तुकडा, एक नाव हा हिशेब तिथे चालत नाही.

त्यासाठी एसटीडीएम नावाचं क्यूजीआयएसचं प्लगिन आहे, मागे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस लागतो. त्यात माणूस, जागा आणि दोघांचं नातं वेगवेगळं नोंदवतात. सरावाला जुन्या नाशकातला एखादा वाडा घ्या: मालक, भाडेकरू, पोटभाडेकरू. एकाच खोलीवर तीन नोंदी बसल्या पाहिजेत. नावं काल्पनिकच टाका.

आणि झोपडपट्टीचा घरवार थर तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय कधीही उघडा करू नका, तो घरं पाडायलाही वापरता येतो. मॅप किबेरा (२००९) आणि दार-एस-सलामचं रामानी हुरिया (२०१५) या उपक्रमांत स्थानिक तरुणांनीच नकाशे केले. ती पद्धत अभ्यासा.

द्वारका_सर्कल:
अर्जाचं सांगतो. यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या शहरांवर काम करणाऱ्या संस्थेचं मुख्यालय नैरोबीत आहे. इंटर्नशिप पदवीच्या शेवटच्या वर्षात, पदव्युत्तर शिक्षण चालू असताना किंवा पदवीनंतर एका वर्षाच्या आत मिळते. मानधन नसतं, राहण्याचा खर्च आपला. मुदत निसटू नये म्हणून निकालाची वाट न पाहता आत्ताच अर्ज करा. पूर्व आफ्रिकेसाठी स्वाहिली, डाकार-आबिजानसाठी फ्रेंच, मापुतोसाठी पोर्तुगीज. एकच निवडा आणि नीट शिका. पुढे शिकायचं असेल तर नेदरलँड्समधल्या एन्स्केडेचं आयटीसी (भू-माहितीची संस्था), रॉटरडॅमचं आयएचएस (शहरविकासाची संस्था) किंवा केप टाउन विद्यापीठातलं आफ्रिकन सेंटर फॉर सिटीज. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी.

सातपूरकर:
आभार! जमीन जीएचएसएलच्या (जगभरच्या वस्त्यांचे बांधकाम आणि लोकसंख्येचे मोफत थर) २०००-२०१० च्या थरांवरून आणि लोकसंख्या जनगणनेच्या २००१-२०११ वरून घेतली तर चालेल?

नकाशाघर:
नको. वर्षंही वेगळी, हद्दही वेगळी. लोकसंख्याही जीएचएसएलचीच घ्या आणि जनगणना पडताळणीपुरती ठेवा. मात्र जीएचएसएलने जनगणनेचे आकडे बांधकामाच्या प्रमाणात वाटलेले असतात. त्यामुळे शहराच्या आतल्या भागांची तुलना त्यावरून करू नका, आणि हे अहवालात स्पष्ट लिहा. निवडणारे नेमकं तेच विचारतात.